एकाच घरात दोन राउटर: वायफाय जोडलेलं दिसतं पण नेट नाही, आणि प्रिंटर मधेच गायब

प्रिंटरपीडित:
नमस्कार मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीये म्हणून इथे विचारतेय. आमच्याकडे बाहेरच्या खोलीत नेट कंपनीने बसवलेला फायबरचा डबा आहे, त्यालाच वायफाय आहे, पण आतल्या खोलीत रेंज पोचत नाही म्हणून एक वेगळा राउटर आणला आणि डब्यापासून आतपर्यंत केबल ओढून घेतली. आधी ती केबल नव्या राउटरच्या वॅन (बाहेरून नेट आत घ्यायचं) लिहिलेल्या पोर्टात लावली होती तर नेटच येईना, मग एका व्हिडिओत बघून बाजूच्या लॅन (घरातल्या वस्तू जोडायच्या) पोर्टात लावली आणि लगेच चालू झालं, मी खूष. ते सुख दोन दिवस टिकलं.

आता काय होतं ते सांगते. आतल्या खोलीत वायफायच्या दांड्या फुल्ल, पण फोन म्हणतो कनेक्टेड, इंटरनेट नाही. दहा मिनिटांनी आपोआप येतं, परत जातं. बाहेरच्या खोलीत बरं चालतं पण तिथेही अधूनमधून हाच प्रकार. प्रिंटरला मी त्याच्याच स्क्रीनवरून १९२.१६८.१.१० हा नंबर कायमचा देऊन ठेवलाय, तरी सकाळी छापतो आणि दुपारी लॅपटॉप सांगतो की प्रिंटर ऑफलाइन. आणि सगळ्यात विचित्र म्हंजे ब्राउझरमधे १९२.१६८.१.१ टाकलं की कधी कंपनीच्या डब्याचं पान उघडतं आणि कधी नव्या राउटरचं! मला आधी वाटलं मीच पासवर्ड विसरले, चार वेळा चुकीचा टाकून लॉक करून घेतलं, मग लक्षात आलं की पानच वेगळं आहे.

दोन्ही बंद चालू करून झालंय. राउटर खराब आहे का? बदलून आणू का?

रिकामटेकडा_४२:
भाऊ दोन्ही राउटर फॅक्टरी रीसेट मारा, मागच्या भोकात पिन दहा सेकंद दाबून धरा, सगळं नव्यासारखं होतं. आणि डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा नंबर शोधून देणारा सर्व्हर) ८.८.८.८ टाका, नेट पळेल.

तारजोड्या:
थांबा थांबा, कंपनीच्या डब्याला पिन लावू नका!! त्यात बऱ्याचदा तुमच्या कनेक्शनचं युजरनेम पासवर्ड आणि व्हीलॅनचा (कंपनीच्या जाळ्यात तुमचं कनेक्शन ज्या कप्प्यात आहे त्याचा) नंबर भरलेला असतो, रीसेट केलं की तो उडू शकतो आणि मग कंपनीचा माणूस येईपर्यंत घरात नेट शून्य. नव्या राउटरला रीसेट मारलात तरी काही बिघडत नाही, पण त्याने तुमचा प्रश्न सुटणारही नाही, कारण रीसेटनंतर तो परत त्याच पत्त्यावर येऊन बसणार.

राउटर खराब नाहीये. उत्तर तुम्हीच लिहिलंय, ते "विचित्र" म्हणून सांगितलंत ना, तेच. दोन्ही डब्यांचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे. केबल लॅनमधून लॅनमधे लावल्यामुळे आता दोघं एकाच नेटवर्कात आहेत. एका घरात एकाच नावाची दोन माणसं असली की हाक मारल्यावर दोघंही ओ देतात, तसं चाललंय. तुमचा फोन बाहेर जायचं म्हणून विचारतो "१९२.१६८.१.१ कोण?", दोघंही म्हणतात मी, आणि ज्याचं उत्तर फोनने धरलं त्याच्याकडे तो सगळं पाठवायला लागतो. कंपनीच्या डब्याचं धरलं तर नेट चालतं. नव्याचं धरलं तर नाही, कारण त्याच्या वॅन पोर्टात काहीच लावलेलं नाही, तो पाठवणार कुठे? थोड्या वेळाने फोन परत विचारतो आणि तेव्हा नशिबाने दुसरं उत्तर मिळालं की "आपोआप" नेट येतं.

खात्री करायची असेल तर लॅपटॉपवर कमांडची काळी खिडकी उघडा, एआरपी मायनस ए (arp -a) टाईप करा, १९२.१६८.१.१ च्या समोर जो मॅक ॲड्रेस (नेटवर्कच्या प्रत्येक जोडणीचा ओळख नंबर) दिसेल त्याची शेवटची चार अक्षरं दोन्ही डब्यांच्या खालच्या स्टिकरशी ताडून बघा. नेट असताना एकदा आणि नसताना एकदा. स्टिकरवरचा मॅक कधीकधी शेवटच्या एकदोन अक्षरांनी वेगळा असतो, कारण वॅन, लॅन, वायफाय प्रत्येकाचा मॅक निराळा असतो, तेवढं समजून घ्या.

आणि डीएनएसचा इथे काही संबंध नाही. नेट गेलं की ८.८.८.८ ला पिंग करून (म्हंजे हाक मारून उत्तर येतं का ते) बघा. नंबरला पिंग जातंय पण वेबसाइट नावाने उघडत नाही, तेव्हा डीएनएसला दोष द्यायचा. नंबरलाच पिंग जात नसेल तर डीएनएस बदलून काय होणार.

प्रिंटरपीडित:
भाऊ नाही, ताई :) 

तारजोड्या तुम्ही म्हणालात तसंच निघालं! नेट असताना शेवटी जी अक्षरं होती ती कंपनीच्या डब्याची, गेल्यावर नव्या राउटरची. मग वॅनमधे लावल्यावर का चालेना? ते तर योग्य पोर्ट होतं ना?

तारजोड्या:
त्याचंही कारण तेच. राउटरचं काम दोन वेगवेगळ्या नेटवर्कांच्या मधे उभं राहायचं. वॅन पोर्टाला कंपनीच्या डब्याकडून १९२.१६८.१ चाच पत्ता मिळाला आणि आतल्या बाजूला पण १९२.१६८.१ च. दोन्हीकडे सारखंच दिसतंय म्हटल्यावर आत कुठलं बाहेर कुठलं त्याला कळेना. काही राउटर अशा वेळी शहाणपणाने स्वतःचा पत्ता आपणहून बदलतात, तुमच्याने नाही बदलला.

बिनतारी:
ताई मी तर म्हणतो परत वॅनमधे लावा आणि नव्या राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.२.१ करा, झालं काम, दोन मिनिटांचं. माझ्याकडे कित्येक वर्षं असंच आहे.

जुनाखोड:
बिनतारी, काम होईल पण ताईंचा प्रिंटर विसरलात. तसं केलं की नाटच्या आत नाट होतं (नाट म्हंजे आतल्या सगळ्यांचे पत्ते लपवून राउटरने आपल्या एकाच पत्त्याने बाहेर बोलणं). आतल्या खोलीतले लोक बाहेरच्या प्रिंटरला नंबर टाकून पोचतील, पण लॅपटॉपने आपोआप प्रिंटर शोधायचा म्हटलं तर सापडणार नाही, कारण ती जी "कोणी प्रिंटर आहे का" अशी आरोळी असते ती राउटर ओलांडून पलीकडे जात नाही. टीव्हीवर फोनमधलं दाखवणं पण तसंच अडतं. आणि प्रिंटर आतल्या खोलीत असेल तर बाहेरच्या वायफायवरून तो दिसणारच नाही, मधे नाटची भिंत. तुमच्याकडे प्रिंटर नाही म्हणून तुम्हाला इतकी वर्षं काही कळलं नाही.

तुमची पद्धत चुकीची नाही, भाडेकरूला वेगळं नेटवर्क द्यायचं असेल किंवा घरातल्या सटरफटर स्मार्ट वस्तू वेगळ्या ठेवायच्या असतील तर मी पण ती वापरेन. फक्त एक ध्यानात ठेवायचं, आतले बाहेरच्याला गाठू शकतात, बाहेरचे आतल्याला नाही, म्हणजे ज्यांच्यावर भरवसा नाही त्यांना बाहेर ठेवायचं आणि आपण आत. लोक बरोबर उलटं करतात.

ताईंना मात्र सगळं घर एकच नेटवर्क हवंय. त्यामुळे नवा राउटर नुसता ॲक्सेस पॉइंट, म्हंजे तेच नेटवर्क वायफायने पुढे पसरवणारा डबा, व्हायला पाहिजे.

प्रिंटरपीडित:
हो हो एकच हवंय, प्रिंटर बाहेर आहे आणि छापणारे सगळे आत. ॲक्सेस पॉइंट मोड असं काही मला सेटिंगमधे दिसलं नाही, जुनंच मॉडेल आहे ते (नवा म्हणतेय पण वापरलेलाच घेतलाय).

तारजोड्या:
मोडचं बटण असतं तर एका क्लिकचं काम होतं. नसेल तरी हाताने करता येतं, कारण तो मोड म्हंजे मुळात दोनच गोष्टी, स्वतःचा पत्ता वेगळा करायचा आणि डीएचसीपी (घरातल्या वस्तूंना आपोआप पत्ते वाटायची सोय) बंद करायचा. क्रम मात्र पाळा.

दोन्ही राउटरमधली केबल आधी काढा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि केबलने लॅपटॉप थेट नव्या राउटरच्या लॅन पोर्टाला जोडा. १९२.१६८.१.१ उघडा, आता एकच डबा आहे त्यामुळे त्याचंच पान येणार. लॅन सेटिंगमधे जाऊन पत्ता १९२.१६८.१.२ करा, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० तसाच राहू द्या, सेव्ह. तो रीस्टार्ट होईल. मग ब्राउझरमधे १९२.१६८.१.२ टाकून परत आत जा आणि आता डीएचसीपी सर्व्हर बंद करा, सेव्ह. वायफायचं नाव आणि पासवर्ड कंपनीच्या डब्यासारखाच ठेवलात तर फोन चालता चालता स्वतःच एकावरून दुसऱ्यावर जाईल, फक्त २.४ गिगाहर्ट्झचं चॅनेल दोघांचं वेगळं ठेवा, एकाला १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११. मग केबल लॅन ते लॅन परत लावा.

डीएचसीपी का बंद, तर घरात पत्ते वाटणारा एकच पाहिजे. सध्या दोघं वाटतायत आणि एकाची वही दुसऱ्याला दिसत नाही, त्यामुळे दोघंही १९२.१६८.१.५ वेगवेगळ्या फोनना देऊन मोकळे होतात.

प्रिंटरपीडित:
वाट लागली. मी घाईत डीएचसीपी आधी बंद केला, पत्ता बदलायचाच राहिला. राउटर रीस्टार्ट झाला आणि आता पानच उघडत नाही, १.१ पण नाही आणि १.२ पण नाही. आयपीकॉन्फिग (लॅपटॉपचा पत्ता दाखवणारी कमांड) मारलं तर लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा काहीतरी येतोय. हॅक झालं का???

जुनाखोड:
अहो नाही, घाबरू नका, मी स्वतः हे तीनदा केलंय, तारजोड्यांनी पण केलं असणार फक्त कबूल करणार नाहीत.

१६९.२५४ म्हंजे लॅपटॉपने पत्ता मागितला, कोणी दिलाच नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. वाटणारा तुम्ही बंद केलात ना, मग देणार कोण. पुढे कधी घरात हा आकडा दिसला की सरळ समजायचं, डीएचसीपी पोचत नाहीये, केबल सैल असेल नाहीतर वाटणारा बंद असेल.

आता लॅपटॉपलाच हाताने पत्ता द्या. नेटवर्क ॲडॅप्टरच्या प्रॉपर्टीमधे आयपीव्ही४, तिथे ऑटोमॅटिक काढून १९२.१६८.१.५० टाका, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. मग १९२.१६८.१.१ उघडेल. पत्ता १.२ करा, सेव्ह, परत १.२ वर जाऊन बघा की दोन्ही गोष्टी खरंच सेव्ह झाल्यात. आणि सगळ्यात शेवटी लॅपटॉप परत ऑटोमॅटिकवर आणा, हे विसरलात तर पुढच्या वेळी लॅपटॉप दुसरीकडे कुठे केबलने जोडला की नेट का येत नाही म्हणून परत इथे धागा काढाल.

ऑफिस_घरातूनच:
धागा पळवतोय त्याबद्दल माफी, पण विषय निघालाच आहे तर. माझ्या घरी एकच राउटर, १९२.१६८.१.१ वालाच, नेट उत्तम. ऑफिसचं व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कात जायचा बोगदा) जोडलं जातं, मेल वगैरे चालतो, पण ऑफिसमधला फाइल सर्व्हर काही केल्या उघडत नाही, त्याचा नंबर १९२.१६८.१.२० आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून मात्र उघडतो. ऑफिसची आयटीवाली मंडळी म्हणतात तुमच्या घराचा प्रॉब्लेम.

तारजोड्या:
यावेळी आयटीवाले खरं बोलतायत, हे क्वचित होतं. तुमच्या लॅपटॉपला वाटतं १९२.१६८.१.२० म्हंजे घरातलंच कोणीतरी, मग तो व्हीपीएनच्या बोगद्यात पाठवतच नाही, घरातच शोधत बसतो. घरच्या राउटरचा लॅन पत्ता बदला, शक्यतो कोणी घेतलेला नसेल असा. १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ जगभर कंपन्यांनी डब्यात घालून दिलेत म्हणून तेवढे दोन टाळा, १९२.१६८.५७.१ किंवा असलंच काहीतरी आडवंतिडवं घ्या.

रिकामटेकडा_४२:
किंवा १९२.१६९.१.१ करा, लक्षात ठेवायला सोपं.

जुनाखोड:
नको!! १९२.१६९ हा खासगी पत्ता नाही, तो बाहेरच्या इंटरनेटवरचा आहे, दुसऱ्या कोणाच्या तरी मालकीचा. घरात वापरलात तर चालल्यासारखं वाटेल पण त्या पत्त्यावरच्या खऱ्या साइट तुम्हाला कधीच उघडणार नाहीत. घरात वापरायला तीनच गट ठेवलेत, १९९६ सालच्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या कागदात लिहिलंय: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंत, आणि १९२.१६८. त्यातही १७२ वाल्यात लोक गोंधळ घालतात, १७२.३२ टाकून बसतात.

ऑफिसवाले, पत्ता बदलल्यावर घरात ज्या ज्या वस्तूला हाताने नंबर दिला असेल त्या सगळ्यांचा बदलावा लागेल, कॅमेरा वगैरे असला तर आधी आठवून ठेवा.

प्रिंटरपीडित:
जमलं जमलं जमलं! लॅपटॉपला हाताने नंबर देऊन आत शिरले, १.२ केलं, केबल लावली. काल संध्याकाळपासून आतल्या खोलीत नेट एकदाही गेलं नाही. सुरुवातीला भावाच्या फोनवर तासभर जुनीच रडगाणी चालू होती, वायफाय बंद करून लावलं तेव्हा थांबली.

पण प्रिंटर अजून तसाच आहे. सकाळी छापलं, आत्ता ऑफलाइन. त्याला तर मी कायमचा नंबर दिलाय ना?

तारजोड्या:
भावाच्या फोनकडे नव्या राउटरने दिलेला जुना पत्ता शिल्लक होता, लीज म्हणतात त्याला. मुदत अर्धी सरेपर्यंत फोन नवीन विचारायला जात नाही, चोवीस तासांची असेल तर बारा तास. वायफाय बंद चालू केलं की लगेच विचारतो.

प्रिंटरबद्दल: "कायमचा दिलाय" हे तुम्हाला माहिती, प्रिंटरला माहिती, पण पत्ते वाटणाऱ्या डब्याला कोणी सांगितलंय? कंपनीच्या डब्यात डीएचसीपीची रेंज काय आहे बघा, बहुतेक १९२.१६८.१.२ ते २५४ असेल. म्हंजे १० नंबर पण त्याच्या वाटायच्या गठ्ठ्यातच आहे. काही डबे देण्याआधी त्या नंबरला पिंग करून बघतात की कोणी आहे का, पण तेव्हा तुमचा प्रिंटर बंद असला किंवा झोपलेला असला तर उत्तर कोण देणार, डबा म्हणतो रिकामा आहे आणि देतो कोणाच्यातरी फोनला. मग प्रिंटर उठतो आणि एका खुर्चीवर दोघं.

आणि हो, आपण राउटरला दिलेला १.२ पण त्याच गठ्ठ्यात येतो, ते मी काल सांगायला विसरलो, माझी चूक.

तेव्हा कंपनीच्या डब्यात रेंज कमी करा, १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.२००. एकशे एक पत्ते होतात, घराला रगड. २ ते ९९ तुमच्या हाताचे, डबा तिकडे फिरकणार नाही. राउटर २, प्रिंटर १०, बदलायची गरज नाही.

जुनाखोड:
मी असतो तर प्रिंटरमधला हाताने दिलेला नंबर काढून त्याला ऑटोमॅटिकवर ठेवला असता आणि डब्यात त्याच्या मॅक ॲड्रेसवर रिझर्व्हेशन केलं असतं, म्हंजे हा नंबर याच वस्तूला असं राखून ठेवलं असतं. सगळे नंबर एकाच ठिकाणी दिसतात, उद्या राउटरचा पत्ता बदलला तरी प्रिंटरच्या त्या दोन बोटांच्या स्क्रीनवर जाऊन परत टाईप करत बसायला नको. पण कंपनीच्या काही डब्यांत रिझर्व्हेशनचं पान लपवलेलं असतं, नाही सापडलं तर तारजोड्यांचं करा, तेही पक्कं आहे.

फोनला रिझर्व्हेशन करणार असाल तर सावध. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमधे आयओएस १४ पासून फोन खरा मॅक न दाखवता प्रत्येक वायफायला एक बनवलेला मॅक दाखवतो. तुम्ही फोनच्या अबाउटमधला मॅक बघून रिझर्व्ह कराल आणि फोन भलत्याच नावाने येईल. घरच्या वायफायपुरतं ते प्रायव्हेट ॲड्रेसवालं बंद करा आणि मग करा. प्रिंटर बिचारे असले उद्योग करत नाहीत.

ऑफिस_घरातूनच:
५७.१ केलं, सर्व्हर उघडला. आठ महिने मी रोज हॉटस्पॉट लावून फाइली काढत होतो, आठ महिने!! आता बायको विचारतेय मग कॅमेरा का बंद आहे :( जुनाखोड तुम्ही सांगितलं होतं, मान्य.

प्रिंटरपीडित:
शेवटचा रिपोर्ट. डब्यात रिझर्व्हेशनचं पान सापडलं नाही म्हणून रेंज १०० ते २०० केली, प्रिंटर १० वरच ठेवला, सगळं एकदा बंद चालू केलं. आणि तितक्यात प्रिंटर स्वतःहून सुरू झाला की हो! गेल्या आठवड्यापासून रांगेत अडकलेलं सगळं एकामागून एक बाहेर. एकच अर्ज अकरा वेळा, कारण प्रत्येक जण येऊन परत प्रिंट देऊन जायचा. कागद संपला तेव्हा थांबला.

एकच शंका राहिली. नव्या राउटरचा इंटरनेटचा दिवा अजून लाल आहे. नेट तर चालतंय. काही राहिलं का?

तारजोड्या:
काही राहिलं नाही, तो लालच राहणार. तो दिवा वॅन पोर्टाचा आहे आणि तिथे आपण काही लावलेलंच नाही. वर काळी चिकटपट्टी लावा, नाहीतर घरातलं कोणीतरी तो बघून केबल परत वॅनमधे लावेल.